किलोचा भाव

जर्मनीतल्या विद्यापीठाला अर्ज करताना सोबत एक पानी पत्र जोडावं लागतं. हाच विषय का, इथेच का, पुढे काय करणार. मी इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापन हे दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला अर्ज करत होते, त्यामुळे आणखी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: दोन्ही एकदम कशासाठी? पत्र लिहिलं, प्रवेश मिळाला, आता आखेन शहरात माझं दुसरं वर्ष चालू आहे. पण ते उत्तर एका पानात मावणारं नव्हतं. ते कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत सुरू होतं, चाकणला पक्कं होतं, आणि त्याच्या मुळाशी कास्टिंगचा किलोचा भाव आहे.

आमची छोटी फौंड्री आहे. बाबा आणि काका मिळून चालवतात. बाबा भट्टीकडे, काका ऑफिसात. कोल्हापुरात यात नवल काही नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात पंपांची, ट्रॅक्टरची, मोटारींची कास्टिंगं ओतणाऱ्या लहानमोठ्या फौंड्र्या ओळीने उभ्या आहेत. माझ्यासारख्या घरातल्या मुलांना ब्लो होल म्हणजे काय, रनर-रायझर कशाला लागतो, हे शाळेच्या वयातच कानावरून जाऊन कळलेलं असतं. मुलगी म्हणून मला भट्टीजवळ फारसं फिरकू देत नसत. बाबांचा डबा घेऊन गेले की मात्र कोणी हाकलायचं नाही, आणि मी डबा रिकामा होईपर्यंत सगळं पाहून घ्यायची.

आमच्याकडे कास्टिंग विकलं जातं किलोवर. नग कितीही गुंतागुंतीचा असो, बोलणी होतात ती किलोला किती रुपये याची. कच्च्या मालाचा दर अमुक, त्यावर वितळवण्यापासून फेटलिंगपर्यंतच्या, म्हणजे ओतलेला नग घासून साफ करण्यापर्यंतच्या, कामाचे तमुक, झाला भाव. हिशेब सोपा आहे, म्हणून तो टिकला. पण त्याच्या पोटात काय आहे ते बघा. समजा, एक ब्रॅकेट ४.२ किलोचा आहे. गाडी हलकी करायची म्हणून गिऱ्हाइकाच्या डिझाइनवाल्याने भिंती पातळ केल्या, रिब बदलल्या आणि तोच ब्रॅकेट ३.६ किलोवर आणला. काम उत्तम केलं, यात शंका नाही. आता फौंड्रीत काय होतं? पातळ भिंतीत लोखंड शेवटपर्यंत पोचायला हवं, म्हणून ते जास्त गरम ओतावं लागतं. कोअर, म्हणजे आतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, नाजूक होतो, तो लावताना मोडतो. सुरुवातीचे महिने रिजेक्शन वाढतं. म्हणजे मेहनत वाढली, जोखीम वाढली, आणि किलोचा भाव तोच राहिला तर नगामागची मिळकत एक-सप्तमांशाने घटली. चांगल्या इंजिनिअरिंगचा दंड ते इंजिनिअरिंग प्रत्यक्षात उतरवणाऱ्या माणसाला बसतो. भाव वाढवून मागायचा तर समोर बसलेल्या खरेदीवाल्याच्या कागदावर कोअर, तापमान, रिजेक्शन यांतलं काहीच नसतं. त्याच्या कागदावर किलो असतात.

हे मला आधी असं मांडता येत नव्हतं. फक्त घरात जेवताना बाबा आणि काका यांच्यात जे बोलणं व्हायचं, त्यात काहीतरी सतत अडतंय एवढं जाणवायचं.

विजेचंच घ्या. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. मी तिकडे होते तेव्हा महावितरणच्या औद्योगिक दरात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे सवलत होती आणि संध्याकाळी सहा ते दहा जास्तीचा आकार. काकांचं म्हणणं सरळ होतं: सगळ्या हिट, म्हणजे भट्टीतले वितळवणीचे घाणे, रात्री घ्यायच्या. बाबा म्हणायचे, रात्री मोल्डिंगवर चांगला माणूस थांबत नाही, वाळू तपासायला कोणी नसतं, पहाटे चारला ओतलेल्या बॉक्सातलं रिजेक्शन सकाळी दिसतं. दोघांचंही खरं. काकांच्या वहीत विजेची बचत दिसायची, बाबांच्या वहीत रिजेक्शन दिसायचं, आणि या दोन वह्या एका पानावर कधी आल्या नाहीत. नाकारलेलं कास्टिंग परत भट्टीत जातं, म्हणून लोखंड वाया गेलं नाही असं हिशेबात दिसतं. पण त्याला लागलेली वीज, कोअर, मजुरी आणि भट्टीचा तास परत भट्टीत घालता येत नाही. तो तास कोणत्याच वहीत नव्हता.

सांगलीला मेकॅनिकल केल्यावर मी चाकणला एका कंपनीत व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये लागले. म्हणजे आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. आमच्याकडे कास्टिंग पुरवणाऱ्या फौंड्र्यांशी भाव ठरवणं, नमुने मंजूर करून घेणं, तक्रार आली की धावपळ करणं, हे माझं काम. दरवर्षी भावात काही टक्के घट मागायची हा मोटार धंद्यातला रिवाज. त्या वर्षी वरून तीन टक्क्यांचा आकडा आला होता.

अशाच एका बैठकीला आमच्याच भागातले एक फौंड्रीवाले आले होते. बाबांच्या वयाचे. हातात शाळेची दोनशे पानी वही, तिच्यात पेन्सिलीने रनर-रायझरची, म्हणजे साच्यात लोखंड नेणाऱ्या आणि ते पुरवत राहणाऱ्या वाटांची, वजनं मांडलेली. आमच्या एसजी आयर्नच्या एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग त्यांनी टेबलावर उलगडलं आणि आतल्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे दोन भिंती जवळजवळ काटकोनात मिळत होत्या. अशा कोपऱ्यातली वाळू दोन्हीकडून तापते, तिथलं लोखंड सगळ्यांत शेवटी थिजतं, आणि आत पोकळी राहते. मशीनिंग झाल्यावर ती उघडी पडते. मग नग नाकारला जातो, आणि आम्ही त्यांना कास्टिंगच्या किमतीबरोबर मशीनिंगच्या खर्चाचीही डेबिट नोट पाठवतो.

ते म्हणाले, "मॅडम, दोन टक्के कमी करतो. पण ह्यो कोपरा तेवढा गोल करून द्या की."

मी विचारलं, किती त्रिज्या दिली तर पुरेल. त्यांनी लगेच सांगितलं, आणि रायझर कुठे हलवता येईल तेही दाखवलं. माझ्या प्रश्नांवरून त्यांना काहीतरी लक्षात आलं असावं. "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, शिरोलीची, आमचीही फौंड्री आहे. त्यांचा आवाजच बदलला. "मग तुला काय सांगायचं पोरी, तुला म्हाईतच हाय."

माझ्या शेजारी खरेदीतले वरिष्ठ बसले होते. त्यांना दोन टक्के मान्य होते, कोपरा मान्य करण्याचा अधिकार नव्हता. ड्रॉइंग घेऊन मी वरच्या मजल्यावर डिझाइनकडे गेले. तिथल्या इंजिनिअरने पाहिलं आणि कोपरा गोल करायला त्याची हरकत नाही म्हणाला. उलट ताणाच्या दृष्टीने ते बरंच होतं. पण ड्रॉइंग बदललं की नवा क्रमांक, नव्या चाचण्या, अंतिम गिऱ्हाइकाची मंजुरी. त्या चाचण्यांचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? डिझाइनच्या बजेटमध्ये त्याला जागा नव्हती, कारण बचत खरेदीच्या खात्यात दिसणार होती. खरेदीच्या बजेटमध्ये चाचण्या हा रकानाच नव्हता. कोपरा होता तसाच राहिला. फौंड्रीवाल्यांनी शेवटी दीड टक्का कमी केला आणि डेबिट नोटा येतच राहिल्या.

या गोष्टीत कोणी वाईट माणूस नाही. सगळे आपापलं काम नीट करत होते, आणि म्हणूनच मला ती विसरता येत नाही. एका कोपऱ्याच्या त्रिज्येत इंजिनिअरिंग आणि पैसा एकाच जागी होते. त्यांना वेगळं केलं होतं ते इमारतीच्या दोन मजल्यांनी. त्या मधल्या जिन्यात उभं राहून दोन्ही मजल्यांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस हवं होतं, आणि मला तेव्हा एकच भाषा येत होती.

"मग एमबीए कर की," असं सगळ्यांनी सांगितलं. आपल्याकडे ही वाट मळलेली आहे: इंजिनिअरिंगची पदवी, एखाददुसरं वर्ष नोकरी, मग प्रवेशपरीक्षा आणि व्यवस्थापन. मी त्या वाटेने गेलेल्यांना पाहिलं होतं. हुशार माणसं. पण बहुतेकांनी ड्रॉइंग परत हातात घेतलं नाही. पुढच्या शिक्षणाने आधीच्या शिक्षणाची जागा घेतली. मला बाबांची वही ठेवून काकांची वही उचलायची नव्हती. दोन्ही एका वर्गात, एका सत्रात, एकमेकींना अडवत आणि तपासत शिकायच्या होत्या.

ही गरज काही मला नव्याने सुचलेली नाही. हेन्री टाउन हा अमेरिकेतला कुलपं बनवणारा कारखानदार. १८८६ मध्ये शिकागोला मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या बैठकीत त्याने निबंध वाचला की कारखान्याचं व्यवस्थापन आणि खर्चाचा हिशेब हे इंजिनिअरचंच काम आहे, आणि त्यातला अनुभव कुणी नोंदवून ठेवत नाही. १९१४ मध्ये एमआयटीने इंजिनिअरिंग आणि प्रशासन यांचा जोड-अभ्यासक्रम काढला. आजच्या स्लोन स्कूलचं मूळ तेच. १९२७ च्या सुमारास बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग इथल्या तांत्रिक विद्यापीठात विली प्रिऑन यांच्या पुढाकाराने असाच अभ्यासक्रम उभा राहिला, आणि आज जर्मनीत या जोडशिक्षणातून बाहेर पडणारे इंजिनिअर हा एक स्वतंत्र, ओळखीचा पेशा आहे. आपल्याकडे तर याचं उदाहरण शिरोलीपासून फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर चांगला होता; पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत होती. नांगर ओतणं आणि तो शेतकऱ्याच्या गळी उतरवणं ही दोन्ही कामं त्यांनाच करावी लागली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव एमआयटीत मेकॅनिकल शिकून १९२६ मध्ये परतले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी कारखाना आणि बाजार दोन्ही सांभाळले.

जर्मनी निवडण्यामागे पैशाचा विचारही होताच. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत नियमित अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नाही, सत्राला काही शे युरो वर्गणी भरावी लागते. मात्र राहण्याखाण्याची तजवीज आहे हे दाखवायला वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात अडकवून ठेवावे लागले. म्हणजे तेव्हाचे अकरा लाखांच्या आसपास. भट्टीच्या कर्जाचे हप्ते चालू असताना एवढी रक्कम बाजूला काढणं सोपं नव्हतं. काकांनी एकच विचारलं, "पोरगी कारखाना सांभाळायला शिकणार आहे, का सोडून जायला?" बाबा म्हणाले, "तिला शिकू दे, मग ती सांगेल." आणि आखेनच का, तर इथल्या विद्यापीठात फौंड्रीची स्वतंत्र संस्था आहे. ते वाचल्यावर मी दुसरीकडे फार शोधलं नाही.

पहिल्याच सत्रात ऑयगेन श्मालेनबाख भेटले. जर्मन खर्चशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९२८ मध्ये व्हिएन्नाला दिलेल्या भाषणात त्यांनी मांडलं होतं की यंत्रं जशी मोठी होतात तसा कारखान्याचा स्थिर खर्च वाढत जातो; काम असो वा नसो, तो खर्च चालूच राहतो, म्हणून मालक पडत्या भावातही यंत्र चालू ठेवायला बघतो. मी शिरोलीचा विचार करत राहिले. भट्टी थंड असली तरी महावितरणचा डिमांड चार्ज लागतोच, बँकेचा हप्ता जातोच. बाबा कमी भावाच्या ऑर्डरी का घेत होते, त्याचा सगळा तर्क त्या तासाला फळ्यावर आला. त्यातला धोकाही आला: प्रत्येक ऑर्डर याच हिशेबाने घेतली, तर पुढची भट्टी घ्यायला पैसा कधीच उभा राहत नाही.

मग मी एक साधा हिशेब करून पाहिला, आणि माझ्या मते इथल्या सगळ्या शिक्षणाचं मोल त्यात आहे. समजा, भट्टी तासाला ५०० किलो लोखंड देते. एका जाडजूड, सोप्या नगात त्यातलं ३७५ किलो विकण्याजोगं कास्टिंग मिळतं, आणि किलोमागे आठ रुपये सुटतात. दुसऱ्या पातळ, कोअरवाल्या नगात रायझर मोठे, रिजेक्शन जास्त, म्हणून २५० किलोच मिळतं, पण किलोमागे अकरा रुपये सुटतात. किलोवर पाहिलं तर दुसरा नग फायद्याचा. भट्टीच्या तासावर पाहिलं तर पहिला तीन हजार रुपये देतो आणि दुसरा पावणेतीन हजार. भट्टी जर दिवसभर भरलेली असेल, तर जास्त भावाची ऑर्डर घेऊन फौंड्री कमी कमावते. हा आकडा काढायला रायझरचं वजन माहीत हवं, रिजेक्शन का होतं ते कळायला हवं, आणि कोणता खर्च त्या निर्णयाने बदलतो व कोणता बदलत नाही हेही कळायला हवं. यातलं एक जरी सुटलं तर उत्तर चुकतं.

शिकता शिकता मी इथल्याच एका ओतकाम कारखान्यात आठवड्याला काही तास काम करते. तिथे कोटेशन देणारे गृहस्थ आधी बरीच वर्षं मोल्डिंगवर होते. त्यांच्या पडद्यावर डावीकडे ओतकामाचं सिम्युलेशन, उजवीकडे खर्चाचा तक्ता. कोपऱ्याची त्रिज्या बदलली की रिजेक्शनचा अंदाज बदलतो आणि नगाची किंमत बदलते. भाव नगाला देतात. भंगाराचा आणि विजेचा दर वरखाली झाला की त्याचा अधिभार बिलात वेगळा लागतो, तो आधीच कराराने ठरलेला असतो. ते पाहिलं त्या दिवशी मी घरी फोन करून बाबांना तासभर हेच सांगत होते. इथे सगळं आलबेल आहे असं नाही. ऊर्जेच्या दरांनी इथल्या फौंड्र्याही जेरीस आल्या आहेत. पण त्यांना नुकसान नेमकं कुठे होतंय ते दिसतं.

आणि दोन्ही शिकलं की यश ठरलेलं, असंही मी कुणाला सांगणार नाही. याच आखेनच्या विद्यापीठातून २०१० मध्ये स्ट्रीटस्कूटर ही विजेवर चालणारी मालवाहू गाडी बनवणारी कंपनी निघाली. खर्च आधी ठरवून मग गाडी रचायची, हे तिचं सूत्र. २०१४ मध्ये जर्मन टपाल कंपनीने ती विकत घेतली आणि तिच्या पिवळ्या गाड्या जर्मनीभर फिरल्या. तिच्या संस्थापकांपैकी प्राध्यापक ग्युंटर शू यांनी पुढे शहरी मोटारीसाठी ई-गो ही कंपनी काढली. तिने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उत्पादन आणि खर्च यांचा मेळ आयुष्यभर शिकवलेल्या माणसाचीही रोख रक्कम आटू शकते. रोख हा तिसराच विषय आहे, आणि त्यात काका माझे गुरू आहेत.

माझा प्रबंध आता शिरोलीतल्या लहान फौंड्र्यांवर आहे: किलोऐवजी भट्टीच्या तासावर आधारलेला खर्चाचा तक्ता. बाबा रोज प्रत्येक हिटच्या आधी आणि नंतर मीटरचं रीडिंग लिहून पाठवतात. रिजेक्शनची कारणं आता फळीवर खडूने न लिहिता वहीत नोंदली जातात. शेजारच्या दोन कारखान्यांनीही आकडे द्यायचं कबूल केलं आहे. खरेदीवाले हा तक्ता मान्य करतील का, हे मला अजून सांगता येत नाही. पण निदान फौंड्रीवाल्याला तरी कळेल की तो कोणत्या भावाला हो म्हणतोय.

मागच्या आठवड्यात मी तक्त्याचा पहिला मसुदा घरी पाठवला. काकांनी तो संध्याकाळी पाहिला आणि फोन केला. म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण यात उधारीचा रकाना कुठाय?" मग त्यांनीच हिशेब सांगितला. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि १ एप्रिल २०२४ पासून उशिरा पैसे देणाऱ्याला आयकरातही अडचण होते. तरी काही बिलं नव्वद दिवसांवर जातात, कारण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती असते. तोवर बँकेच्या सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटवर, व्याज चालू. वर्षाला अकरा टक्के धरले तर नव्वद दिवसांचे २.७ टक्के होतात. चाकणला मी ज्या तीन टक्क्यांसाठी भांडत होते, जवळजवळ तेवढेच.

तो रकाना मी आता नगाच्या किमतीला जोडते आहे, गिऱ्हाइकागणिक वेगळा. काकांनी त्यासाठी गेल्या तीन वर्षांची बिलं आणि पैसे जमा झाल्याच्या तारखा काढायला घेतल्या आहेत.